खुर्ची ऐकते, खुर्ची गिळते

नव्या नाट्यगृहाच्या बातमीत भिंतींवरच्या लाकडी फळ्यांचे, छताच्या घडणीचे भरभरून कौतुक असते. खुर्च्या येतात त्या आसनसंख्या सांगण्यापुरत्या. प्रत्यक्षात सभागृहातला सर्वांत मोठा ध्वनिशोषक म्हणजे खुर्ची आणि तिच्यात बसलेला श्रोता. हे मोजून पाहिले हार्वर्डच्या वॉलेस सेबिन यांनी. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानगृहाचे दुखणे या तरुण अध्यापकाकडे आले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे, आणि तोवर पुढचे वाक्य त्यावर येऊन आदळे. रस्ते शांत झाल्यावर, मध्यरात्रीनंतर, सेबिन सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या तिथे आणत, ऑर्गनची नळी वाजवत आणि सूर विरेपर्यंतचा वेळ नोंदवत. सूर कधी विरला, हे ठरवायला उपकरण एकच होते: त्यांचा कान! शोषणाचे एककही किती सुंदर निवडले: एक चौरस मीटर उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परतत नाही. घनफळ वाढले की निनाद लांबतो, शोषण वाढले की आखडतो, हे त्यांचे सूत्र. १९०० मध्ये उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्यांच्याच सल्ल्याने घडला.

यावर कोणी विचारेल, बॉस्टनमध्ये तर २,६२५ आसने आहेत, तरी त्याची गणना जगातल्या उत्तम सभागृहांत कशी? उत्तर ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांनी दिले: शोषण डोक्यांवर नव्हे, श्रोत्यांनी व्यापलेल्या जागेवर ठरते. बॉस्टनच्या खुर्च्या अरुंद, बेताच्या गादीच्या, दाटीने मांडलेल्या. खुर्च्या ऐसपैस केल्या की सभागृह रुंदावते, भिंती लांब जातात आणि श्रोत्याला सुरांनी वेढून टाकणारी बाजूची परावर्तने क्षीण होतात. मग ध्वनिवर्धक लावावेत? त्यांनी आवाज वाढेल, पण व्हायोलिनचा सूर व्हायोलिनच्या जागेवरून येणार नाही.

नियतीचा खेळ असा, की याच बेरानेक यांच्या सल्ल्याने १९६२ मध्ये उभ्या राहिलेल्या न्यू यॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलचा आराखडा आसने वाढवण्यासाठी बदलला गेला. छताखाली टांगलेल्या परावर्तक पटलांनी त्यामुळे झालेले आवाजाचे नुकसान भरून निघाले नाही. १९७६ मध्ये तो आतून पूर्ण उकलून सिरिल हॅरिस यांच्या सल्ल्याने नव्याने बांधला. मुंबईच्या टाटा थिएटरचे ध्वनिसल्लागारही हेच हॅरिस. तरीही न्यू यॉर्कच्या सभागृहाबद्दलची कुरकुर संपली नाही. २०२२ मध्ये ते पुन्हा आतून नवे होऊन उघडले, तेव्हा आसने २,७३८ वरून २,२०० वर आणली होती.