छत्तिसावी खोली: कुंग-फूचे जुने सिनेमे आपल्या पोरांना का भावतात?

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेत प्रोजेक्टरवर एक जुना सिनेमा लावला होता. 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', म्हणजे शाओलिनची छत्तिसावी खोली. १९७८ सालचा, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा. मी मध्येमध्ये गोष्ट समजावून सांगत होते, पण सातवी-आठवीतल्या पोरांना त्याची फारशी गरज पडली नाही. सिनेमा संपल्यावर एका मुलाने विचारलं, "ताई, ते भन्तेजी आहेत ना? मग मारामारी कशी करतात?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. पण त्याआधी दुसरा प्रश्न पाहू. पन्नास वर्षांपूर्वीचा, परक्या भाषेतला सिनेमा या मुलांना जागेवर कसा खिळवून ठेवतो?

'शिया' म्हणजे कोण?

चीनमध्ये तलवारबाजीच्या अद्भुत कथांना 'वुशिया' म्हणतात. 'वू' म्हणजे युद्धकला. 'शिया' म्हणजे दिलेला शब्द पाळणारा, दुबळ्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिमा चिएन या इतिहासकाराने अशा भटक्या वीरांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. ते कायदा मानत नाहीत, पण जिवावर उदार होऊन इतरांना वाचवतात, असं त्याचं म्हणणं. त्यांच्या जगाला 'ज्यांगहू' म्हणतात. शब्दशः अर्थ 'नद्या आणि सरोवरं', म्हणजे राजदरबाराच्या बाहेरचं जग.

या सिनेमांत माणसं छपरांवरून उडतात, बांबूच्या शेंड्यांवर लढतात. १९२८ साली शांघायमध्ये 'लाल कमळ मंदिराचं दहन' ही मूकपटांची मालिका सुरू झाली, तिचे अठरा भाग निघाले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राष्ट्रवादी सरकारने अंधश्रद्धा पसरते म्हणून अशा सिनेमांवर बंदी घातली. पुढे ही परंपरा हाँगकाँग आणि तैवानमध्ये बहरली.

जिथे अधिकारी विकला गेलेला असतो, तक्रार नोंदवून घेतली जात नाही, तिथे शिया येतो. न्यायासाठी खेटे घालणाऱ्या माणसाला हे स्वप्न का आवडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण निव्वळ एवढंच कारण असतं, तर कुठलाही मारधाडीचा हिंदी सिनेमा पुरेसा होता.

ज्ञानाचा दरवाजा

माझ्या मते खरी ओढ आहे ती शिकण्याच्या गोष्टीची. 'छत्तिसावी खोली'चे दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग स्वतः युद्धकलेच्या परंपरेत वाढलेले. गॉर्डन लिउने साकारलेला नायक एक साधा विद्यार्थी आहे. मांचू राजवटीचे अधिकारी त्याच्या घरच्यांना आणि सोबत्यांना मारतात. तो जखमी अवस्थेत शाओलिन विहारात पोहोचतो. तिथे प्रशिक्षणाच्या पस्तीस खोल्या आहेत. तो आधी सर्वांत वरच्या खोलीत जाऊ पाहतो आणि तोंडघशी पडतो. मग सर्वांत खालून सुरुवात.

पहिला धडा काय? जेवणघराकडे जायच्या वाटेत पाणी आहे. त्यात तरंगणाऱ्या लाकडांवर पाय ठेवून पलीकडे जायचं. तोल गेला की पाण्यात. पुढे हात आडवे धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. दंडांना सुऱ्या बांधलेल्या, हात खाली आले की त्या बरगड्यांत घुसणार. सिनेमाचा मोठा भाग असा निव्वळ सरावात जातो. चमत्कार नाही, वरदान नाही, उच्च कुळ नाही. जो टिकेल तो शिकेल.

सगळ्या खोल्या पार केल्यावर नायक एकच मागणी करतो: छत्तिसावी खोली उघडू द्या, विहाराबाहेरच्या सामान्य माणसांसाठी. विहाराला हे मंजूर नसतं, त्याला बाहेर पाठवलं जातं. शेवटी मात्र ती खोली उघडते. सूड घेणं हा या सिनेमाचा शेवट नाही. शिकवणं हा शेवट आहे.

याची उलट बाजू आंग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मध्ये (२०००) दिसते. चार ऑस्कर मिळालेल्या या सिनेमातली खलनायिका जेड फॉक्स का बिघडली? वुडांगच्या गुरूने तिला शय्येवर घेतलं, पण स्त्री म्हणून विद्या दिली नाही. तिने त्याला मारून ग्रंथ पळवला. पण तिला वाचता येत नव्हतं, ती नुसत्या चित्रांवरून शिकत राहिली. तिची शिष्या मोठ्या अधिकाऱ्याची मुलगी. तिला वाचता येत होतं. तिने मजकूर वाचला आणि आपल्याला काय कळलंय ते गुरूपासून लपवलं. ज्ञान नाकारलं की माणसात किती विष साठतं, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे सिनेमे थोडे आहेत.

म्हणूनच अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी हे सिनेमे आपलेसे केले असावेत. न्यूयॉर्कच्या स्वस्त थिएटरांत ते पाहून वाढलेल्या पोरांनी पुढे 'वू-टँग क्लॅन' हा रॅप गट काढला. त्यांच्या १९९३च्या पहिल्या अल्बमच्या नावातच 'छत्तीस खोल्या' आहेत आणि आपल्या स्टेटन आयलंडला ते 'शाओलिन' म्हणत.

भिक्खू आणि तलवार

आता त्या मुलाचा प्रश्न. शाओलिन विहार इसवी सन ४९५च्या सुमारास बातुओ या भारतीय भिक्खूसाठी बांधला गेला, असं चिनी नोंदी सांगतात. ६२१ साली तिथल्या भिक्खूंनी तांग घराण्याच्या बाजूने लढाईत भाग घेतला. विहारातल्या ७२८ सालच्या शिलालेखात ते कोरलेलं आहे. म्हणजे भिक्खू लढले, हा इतिहास आहे. पण तो पहिल्या शीलाशी जुळत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: बोधिधर्मांनी भारतातून जाऊन शाओलिनला कुंग-फू शिकवलं. ऐकून छाती फुगते. पण ज्या ग्रंथाच्या आधारे हे सांगितलं जातं, तो सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मांनंतर हजारेक वर्षांनी रचलेला. बुद्धाच्या अनुयायाने अभिमान वाटतो म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नये.

हिंसेचा प्रश्न सिनेमांनीही टाळलेला नाही. किंग हू यांचा 'अ टच ऑफ झेन' (१९७१) तीन तासांहून मोठा. १९७५च्या कान महोत्सवात त्याला तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार मिळाला. त्यातला गरीब चित्रकार एका तरुणीला वाचवण्यासाठी पडक्या किल्ल्यात भुताटकीची अफवा पसरवतो, सापळे लावतो आणि सैनिकांना हरवतो. सकाळी तो आपल्या युक्त्या पाहत खदखदून हसत फिरतो. मग त्याचं लक्ष खाली जातं, तर सगळीकडे प्रेतं पडलेली. हसू थांबतं. जिंकलेल्याच्या चेहऱ्यावरचा तो बदल मुलांना जरूर दाखवावा.

आपण काय घ्यायचं?

शिया एकटा असतो. तो येतो, दुष्टाला मारतो, निघून जातो. गाव होतं तसंच राहतं. संघटना, कायदा, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा त्याच्या गोष्टीत नसतो. नायकाची वाट पाहत बसायची सवय लागली, तर हेच सिनेमे आपल्याला पंगू करतील. कार्यकर्त्यांनी ही बाजूही मुलांशी बोलली पाहिजे.

पण सराव, धीर आणि मिळालेली विद्या पुढे वाटणं हे घेण्यासारखं आहे. त्या मुलाला मी म्हटलं, "मारामारी सोड. त्याने शेवटी काय मागितलं?" तो म्हणाला, "खोली." आमच्या अभ्यासिकेला दोन वर्षं झाली. दहावीला गणितात अडलेली पंधरा पोरं आहेत आणि शिकवायला एकच ताई. तुमच्या वस्तीतही असंच असेल. आठवड्यातले दोन तास कुणाला देता येतील?

जय भीम, नमो बुद्धाय.