हृद्‌रोहिणी विकार, स्त्रियांतील

हृदयस्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या विकाराची लक्षणे व परिणती स्त्री-पुरुषांत पुष्कळशी भिन्न असते. पहिला झटका स्त्रियांना उशिरा येतो; ५२ देशांतील रुग्णांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे अंतर सुमारे ९ वर्षे आढळले. त्यामुळे हा पुरुषांचा रोग होय, असा समज वैद्यकातही दीर्घकाळ रूढ होता. ॲस्पिरिनच्या प्रतिबंधक उपयोगाविषयी अमेरिकेत झालेल्या व १९८९ मध्ये अंतिम अहवाल प्रसिद्ध झालेल्या विख्यात चाचणीत २२,०७१ डॉक्टर होते. त्यांत एकही स्त्री नव्हती.

छातीत दाबल्यासारखी वेदना हे प्रमुख लक्षण स्त्रियांतही बहुधा असतेच. तथापि सु. ११ लाख रुग्णांच्या नोंदींवरून (२०१२) झटक्याच्या वेळी छातीत न दुखणाऱ्या स्त्रिया ४२% व पुरुष सु. ३१% असल्याचे दिसून आले. अशा वेळी धाप, मळमळ, पाठ वा जबडा दुखणे आणि अतीव थकवा यांचा अर्थ अपचन किंवा चिंता असा लावला जातो आणि उपचारास मोलाचा विलंब होतो.

अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सु. ३ लक्ष ८५ हजार रुग्णांच्या अभ्यासात ५० वर्षांखालील स्त्रियांचे रुग्णालयातील मृत्युप्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळले. वाढत्या वयाबरोबर हा फरक घटत जातो. म्हणजे तरुण स्त्रीला झटका क्वचित येतो. पण आल्यास तो अधिक घातक ठरतो. जोडीचा मधुमेह व इतर व्याधी हे याचे एक कारण असले, तरी तेवढ्याने सर्व उलगडा होत नाही. बर्नाडीन हीली यांनी १९९१ मध्ये या उपेक्षेस ‘येंट्ल लक्षणसमूह’ असे नाव दिले. आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथेतील येंट्ल शिक्षणासाठी पुरुषवेष घेते. त्याचप्रमाणे आपला रोग पुरुषाइतकाच खरा असल्याचे सिद्ध झाल्यावरच स्त्रीस योग्य उपचार मिळतात, असा त्यांचा रोख होता.

स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) या हॉर्मोनामुळे संरक्षण मिळते, या कल्पनेवरून ऋतुनिवृत्तीनंतर ते देण्याची प्रथा पडली. मात्र १९९८ व २००२ मधील मोठ्या चाचण्यांत प्रोजेस्टिनासह दिलेल्या हॉर्मोनाने हृद्‌विकार टळला नाही. गर्भारपणातील रक्तदाबवाढ व मधुमेह हे पुढील हृद्‌विकाराचे पूर्वसूचक असल्याने प्रसूतीचा पूर्ववृत्तांत विचारणे आवश्यक ठरते.