पडद्यावरचा वाद्यवृंद

हैदराबादेत काचीगुडा किंवा सुलतान बाजार या भागांतील एखाद्या मराठी घरात दिवेलागणीच्या सुमारास डोकावले, तर शाळकरी मूल संगणकापुढे रमलेले आढळावे. पडद्यावर सात मुक्या आकृत्या रांगेने उभ्या असतात आणि खाली वीस चिन्हे मांडलेली असतात. मुलाने एक चिन्ह उचलून आकृतीवर ठेवले, की ती डोलू लागते आणि तिच्या तोंडून ठेका उमटतो. दुसरीच्या मुखातून सुरावट निघते, तिसरीच्या कंठातून मानवी आवाज. पाच मिनिटांत एक लहानसा वाद्यवृंद उभा राहतो. मुलाला कौतुक वाटते. वडीलधाऱ्यांना मात्र प्रश्न पडतो, की हा संगीताचा अभ्यास म्हणावा की वेळेचा अपव्यय? निवाडा करण्यापूर्वी या खेळाची घडण समजून घेणे इष्ट ठरेल.

या जातीचा आद्य खेळ म्हणजे फ्रान्समधील ‘सो फार सो गुड’ या छोट्या संस्थेने २००९ साली काढलेला ‘इन्क्रेडिबॉक्स’. त्याच्या आवृत्त्यांपैकी एक भारतीय संगीताच्या धर्तीवर बेतलेली असून तिचे नावच ‘जीवन’ असे आहे. पुढे चाहत्यांनी हा साचा उचलला, त्यात स्वतःची चित्रे व स्वतःचे ध्वनी भरले आणि ब्राउझरमध्ये खेळता येतील असे नवे खेळ रचले. २०२४ मध्ये गाजलेला ‘स्प्रंकी’ हा त्यांतलाच. तो मूळ संस्थेने नव्हे, तर एका चाहत्याने घडविला.

कोणतेही चिन्ह कोठेही ठेवले तरी संगीत बेसूर कसे होत नाही, हे या खेळाचे खरे मर्म होय. प्रत्येक ध्वनी हा ठराविक मात्रांचा तुकडा असून तो संपताच पुन्हा सुरू होतो. सर्व तुकड्यांची लय एक आणि स्वरांची पट्टीही एकच राखलेली असते. नवा ध्वनी मध्येच घुसत नाही. चालू आवर्तन पुरे होईपर्यंत थांबतो आणि पुढच्या आवर्तनाच्या आरंभी प्रवेश करतो. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा हार्मोनियमवर एकच लेहरा अखंड फिरत असतो व त्याच्या आधाराने वादक समेवर येतो. ज्यांनी हैदराबादचे नामवंत तबलावादक उस्ताद शेख दाऊद यांचे वादन ऐकले असेल, त्यांना आवर्तनाची ही कल्पना नवी वाटणार नाही. नवे आहे ते इतकेच, की येथे सम सांभाळण्याचे काम यंत्राने पत्करले आहे.

चित्रांची हालचाल हीदेखील केवळ शोभा नव्हे. सात ध्वनी एकाच वेळी वाजू लागले, की अपरिचित कानाला त्यांचा गोंगाट भासतो. परंतु कोणाचे ओठ केव्हा हलतात, कोणाची मान कोणत्या मात्रेवर लवते, हे पाहता पाहता एकेक ध्वनी निराळा ओळखता येतो. डोळा येथे कानाचा वाटाड्या होतो. ज्या हैदराबादेत २००८ पासूनचा ‘छोटा भीम’ घडला, तेथील मुलांना हलत्या चित्रांचे अप्रूप नाही. मात्र अशा मालिकेसाठी चित्रकारांचा मोठा ताफा लागतो. या खेळात थोडीशी चित्रे ध्वनीबरोबर पुनःपुन्हा फिरत राहतात. म्हणूनच एकटा हौशी चाहताही असा खेळ रचू शकतो.

तथापि या सोयीतच खेळाची मर्यादा दडलेली आहे. हैदराबादच्या लग्नमिरवणुकांतून वाजणारा मारफा आठवावा. बारकसमधील अरब घराण्यांनी आणि निजामाच्या आफ्रिकी घोडदळाचे वंशज असलेल्या सिद्दी मंडळींनी जोपासलेले हे वादन. डफ, ढोल, नगाऱ्यासारखे मारफे आणि धातूची भांडी, प्रत्येकाचा ठेका निराळा, तरी सारे एकत्र नांदतात. तेथे लय कोणी आयती पुरवीत नाही. शेजाऱ्याकडे कान देऊनच आपला हात चालवावा लागतो. चुकले तर तत्काळ सर्वांना कळते. पडद्यावर चूक करण्याची सोयच नाही. त्यामुळे मूल तेथे निवड शिकते, ध्वनींचे थर ओळखायला शिकते. परंतु लय धरायला शिकत नाही.

दुसरी बाब अधिक सावधगिरीची. चाहत्यांच्या निर्मितीवर कोणाची देखरेख असतेच असे नाही. ‘स्प्रंकी’मध्ये काळ्या टोपीचे चिन्ह एखाद्या आकृतीवर ठेवताच उजेड मावळतो, गोजिरवाण्या आकृत्या विद्रूप व रक्तबंबाळ होतात आणि संगीतही भेसूर बनते. बाहेरून बालरंजन वाटणाऱ्या खेळाच्या पोटात असे भयचित्र दडलेले असते, हे लहान मुलाला आधी ठाऊक नसते. ते भ्याले, तर त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.

यावर सरसकट बंदी हा उपाय सोपा खरा, पण त्यात शिकण्याची संधीही हातची जाते. वडीलधाऱ्यांनी तो विशिष्ट खेळ प्रथम स्वतः खेळून पाहावा आणि मग दहा मिनिटे मुलाशेजारी बसावे. सातही आकृत्या गाऊ लागल्या, की एकीला गप्प करून मुलाला डोळे मिटून विचारावे, ‘कोण थांबले?’ ते ओळखता आले, की ठेका तेवढा ठेवून बाकी सारे बंद करावे आणि त्यावर टाळी धरायला लावावी. अखेरीस तो ठेकाही थांबवावा.

पडदा मुका झाल्यावरही मुलाची टाळी त्याच लयीत चालू राहिली, तर खेळातून संगीत त्याच्या हाती आले असे खुशाल समजावे.