कोसळलेल्या घराची चौकशी

मुलांच्या खेळात वडीलधाऱ्यांनी पडू नये, असा आमच्या घरचा जुना दंडक. अण्णा, म्हणजे माझे वडील, तो कसोशीने पाळीत. मी कॅरममध्ये हरून रडत आलो तरी त्यांचे डोके वर्तमानपत्रातून वर निघत नसे. हाच दंडक त्यांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी मोडला आणि तोही नातीसाठी. याचा मला थोडा रागच आहे.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. घरात शाळकरी मूल असलेल्या वाचकांना त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो, की मार्कुस पेर्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थाने २००९ साली तो लोकांपुढे ठेवला, २०११ मध्ये तो पुरा झाला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून तो खेळ त्याच्या कंपनीसकट घेतला. एवढ्या पैशांत मिळाले काय, तर ठोकळे! मातीचे, लाकडाचे, दगडाचे चौकोनी ठोकळे. ते खणायचे आणि रचायचे.

पण प्रत्येक ठोकळा एक मीटरचा असतो, ही गोष्ट अण्णांना कळली आणि घोटाळा झाला. राजापूरजवळचे आमचे घर आम्ही २०१६ साली विकले होते. ते या ठोकळ्यांत उभे राहील का, असे त्यांनी नातीला विचारले. दोन हात म्हणजे जवळजवळ एक ठोकळा, असा हिशेब बसला. मग रोज दुपारी ओटी, माजघर, पडवी, न्हाणीघर असे एकेक दालन आलेख-कागदावर उतरू लागले. "पायऱ्या पाच होत्या ग, चार नव्हेत," म्हणून एकदा सगळे जोते उकरून पुन्हा घातले गेले.

मूळ खेळात झोपाळा नाही, फडताळ नाही. त्यासाठी मॉड घ्यावे लागतात. मॉड म्हणजे कंपनीशी संबंध नसलेल्या हौशी मंडळींनी रचलेली पुरवणी. फोर्ज नावाची एक चौकट आहे, तिच्यावर या पुरवण्या चढवायच्या. कुणी सामान देतो, कुणी झाडे, कुणी पाऊस. आमच्या घरी अशा चौसष्ट पुरवण्या जमल्या होत्या. माजघरातल्या फडताळात मुलीने एक वही ठेवली होती. खेळात शंभर पानांची वही मिळते, तीत लिहिता येते. अण्णा सांगत गेले आणि ती लिहीत गेली, एकतीस पाने. तीही रोमन लिपीत! मराठी शिकवून पोट भरणाऱ्याच्या घरात! पण अण्णांनी हरकत घेतली नाही, तिथे मी कोण?

गेल्या श्रावणात अण्णा गेले. यंदा मे महिन्यात एका संध्याकाळी मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "बाबा, घर उघडत नाही."

खेळ सुरू होत होता. पहिला पडदा नीट दिसे, संगीतही वाजे. मात्र आमच्या घराचे जग निवडले की चार-पाच क्षणांत सगळे नाहीसे होऊन संगणकाची कोरी पाटी समोर येई. दहादा केले, दहादा तेच.

अशा वेळी माणूस प्रथम जे करतो तेच मी केले. कारण न शोधता औषध दिले. खेळाला दोन जीबी स्मृती दिलेली असते, ती चार केली. फरक नाही. खेळाची १.२०.१ ही २०२३ सालची आवृत्ती आमच्याकडे आहे, तिला जावा सतरा लागते. ती होतीच. शेवटी अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याला फोन लावला.

"मामा, आधी सगळ्या जगाची प्रत करून बाजूला ठेवा. मग अर्धे मॉड काढा. चाललं, तर दोष काढलेल्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा अर्धे करा. चौसष्ट आहेत ना? सहा फेऱ्यांत चोर सापडेल."

युक्ती सुरेख आहे आणि एरवी लागूही पडते. पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की मॉड एकमेकांवर अवलंबून असतात. एक काढला की त्याच्या आधाराचे दुसरे चार सुरूच होत नाहीत. दुसरा खड्डा मुलीने दाखवला. मॉड काढून जग उघडले, की त्या मॉडच्या वस्तू जगातून जातात, त्यांच्या पोटातल्या चिजांसकट.

"फर्निचरचा मॉड काढायचा नाही," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. फडताळातली वही मला तेव्हा आठवली. ती दुसरीकडे कुठेही उतरवलेली नव्हती.

म्हणून अर्ध्या-अर्ध्याचा उद्योग सोडला आणि आम्ही वाचायला बसलो. खेळ कोसळला की तो 'क्रॅश-रिपोर्ट्स' नावाच्या कप्प्यात आपला जबाब लिहून ठेवतो, हे मला ठाऊकच नव्हते. जबाबाच्या माथ्यावर दर वेळी एक थट्टेचे वाक्य असते. आमच्या वाट्याला 'माझंच चुकलं' अशा अर्थाचे आले. त्या क्षणी मला ते मुळीच गमतीचे वाटले नाही. खाली दीडशे-दोनशे ओळी, पाहताच छाती दडपावी अशा. परंतु जुनी पोथी वाचणाऱ्याला एवढे माहीत असते, की सगळ्या ओळी सारख्या मोलाच्या नसतात. इथे तीनच पाहायच्या. वर्णनाची ओळ, 'अमुक कारणाने' असे सांगणाऱ्या ओळींपैकी शेवटची आणि ठिकाणाची ओळ.

वर्णन असे होते, की एका वस्तूची 'टिक' चालू असताना बिघाड झाला. हा खेळ सेकंदाला वीस वेळा हजेरी घेतो. भट्टी जळते का, रोप वाढले का, हे दर वेळी पाहतो. हजेरीत एक वस्तू अडली की सगळी शाळाच सुटते. ठिकाणाच्या ओळीत त्या वस्तूचे नाव होते आणि तीन अंक. मुलीने आलेख-कागद काढला आणि अंक जुळवले. माजघर, उत्तरेची भिंत. फडताळच!

यावर एक झटपट उपाय निघाला. फोर्जच्या एका फाइलीत एक शब्द बदलला, की बिघडलेली वस्तू खेळ स्वतःच उचलून फेकतो आणि जग उघडते. करणाऱ्यांनीच तिथे बजावून ठेवले आहे, की हा उपाय जपून वापरा, सगळ्याचा विचका होऊ शकतो, नुकसानीस आम्ही जबाबदार नाही. भाचा म्हणाला, "मामा, एक कपाट जाईल, घर तर वाचेल!" त्याला वहीची गोष्ट ठाऊक नव्हती. मी क्षणभर मुलीकडे पाहिले आणि ती फाइल मिटली.

राहिली कारणाची ओळ. तिचा अर्थ एवढाच, की अमुक नावाचे काम सापडत नाही. आणि ते जिथे सापडायला हवे तिथले नाव एका तिसऱ्याच मॉडचे होते. काही मॉड स्वतः खेळात काहीच दाखवत नाहीत, इतरांना लागणारी हत्यारे तेवढी पुरवतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. फर्निचरवाला या शेजाऱ्याकडे नेहमीची किसणी मागायला गेला, तर शेजाऱ्याने मधल्या काळात भांडीच बदललेली! जावाची रीत अशी, की असली मागणी प्रत्यक्ष वेळ येईतो तपासली जात नाही. म्हणून पहिला अंक सुरळीत पार पडला आणि दुसऱ्यात नट वाक्य विसरला.

"लायब्ररी कुणी बदलली?" मी विचारले.

ती बराच वेळ नखे पाहत होती. मग म्हणाली, "मी. आजोबांनी वहीत सांगितलंय, खळ्यात मोर यायचे. मोरांचा मॉड घेतला. त्याला नवी लायब्ररी हवी होती."

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. जुनी प्रत जपून ठेवणाऱ्या अनामिकांना मी आजवर कधी धन्यवाद दिले नव्हते. संगणकाच्या 'डाउनलोड्स'मध्ये लायब्ररीची मागची फाइल तशीच पडून होती. आळसाने का होईना, कुणी पुसली नव्हती. मोर काढले, नवी लायब्ररी काढली, जुनी ठेवली. तेही आधी प्रतीवर करून पाहिले. चार क्षण गेले, पाच, सहा. ओटी दिसली. पाच पायऱ्या दिसल्या. मुलगी धावत माजघरात गेली (म्हणजे बोटांनीच, पण धावतच) आणि फडताळ उघडले. वही होती.

त्याच रात्री ती वाचू लागली आणि मी साध्या वहीत देवनागरीत उतरवू लागलो. सतराव्या पानावर अडलो. घर सोडताना आजीचा पितळी हंडा कुठे राहिला, ते तिथे लिहिले होते. पण रोमन अक्षरांत 'माळ्यावर' आणि 'मळ्यावर' एकसारखेच दिसतात. पाठभेद! आणि विचारायला अण्णा नाहीत.

रत्नागिरीला आत्याला फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

"माळ्यावर रे," आत्या म्हणाली. "मळ्यावर कोण ठेवतंय हंडा, चोरांसाठी? आणि मेल्या, हे विचारायला आत्ता झोपेतनं उठवलंस मला?"