जुना कीबोर्ड, तपासलेला नाही

ऑनलाइन लिलावाच्या यादीत एवढीच ओळ असते आणि तिच्याखाली एक फोटो. गॅरेजच्या फरशीवर ठेवलेला मळकट कीबोर्ड, कळांच्या फटींत धूळ आणि केस, वेटोळं करून बांधलेली जाड वायर. विकणाऱ्याच्या लेखी ते भंगार आहे. जुन्या कीबोर्डांच्या शौकिनाला मात्र त्या एका फोटोत बरंच काही वाचता येतं. स्पेसबारच्या आजूबाजूला विंडोजची कळ नाही, म्हणजे घडण बहुधा १९९४च्या आधीची. फंक्शनच्या कळा वरच्या ओळीत नसून डाव्या हाताला दोन रांगांत उभ्या आहेत, म्हणजे आणखी दहा वर्षं मागे जायला हरकत नाही. विकणाऱ्याने कीबोर्ड उलटा करून पाठीमागचं लेबल दाखवलं असेल, तर विचारायलाच नको. तिथे १३९१४०१ हा आकडा दिसला की तो आयबीएमचा ‘मॉडेल एम’. त्याच लेबलावर तो कारखान्यातून कधी बाहेर पडला ती तारीखही छापलेली असते.

आज आपण कुठलाही साधा कीबोर्ड घेतला तरी त्याची मांडणी या मॉडेल एमवरून आलेली आहे. वर बारा फंक्शन कळा, मध्ये उलट्या ‘टी’च्या आकारात बाणांच्या कळा, उजवीकडे आकड्यांचा चौकोन ही १०१ कळांची रचना आयबीएमने १९८०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आणली आणि बाकीच्यांनी ती उचलली. बाहेरची मांडणी सगळ्यांनी घेतली, आतलं यंत्र फारसं कोणी घेतलं नाही. शौकीन त्या यंत्रामागे आहेत.

आजच्या स्वस्त कीबोर्डात कळेखाली रबराची टोपी असते. ती दाबली की बसते आणि अक्षर उमटलं की नाही हे बोटाला नीट कळत नाही, म्हणून आपण कळ तळापर्यंत रेटतो. आयबीएमच्या कीबोर्डात प्रत्येक कळेखाली एक उभी स्प्रिंग असते. सुरुवातीला ती सरळ दबत जाते. मग एका ठरावीक क्षणी तिचा तोल सुटतो, ती फटकन एका बाजूला वाकते आणि पायाशी बसवलेली प्लास्टिकची छोटी पट्टी खाली आपटते. आवाज येतो तो तेव्हाच, बोटाला सुटल्याची जाणीव होते ती तेव्हाच आणि संगणकाला अक्षर पोचतं तेही त्याच ठोक्याला. या स्प्रिंगची पेटंटं रिचर्ड हंटर हॅरिस या अभियंत्याच्या नावावर आहेत, पहिलं १९७२चं आणि सुधारित १९७८चं. स्प्रिंग वाकून निकामी होणं हा एरवी यंत्रातला दोष समजला जातो. हॅरिसने त्या दोषालाच कामाला लावलं.

ही स्प्रिंग आधी ‘मॉडेल एफ’मध्ये आली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी निघाला, त्याच्यासोबत ८३ कळांचा मॉडेल एफ होता. त्यात पट्टी खाली आली की सर्किटच्या पाटीवर विद्युतधारकता बदलते, म्हणजे दोन धातू एकमेकांवर घासण्याचा प्रश्नच नाही. मॉडेल एममध्ये खर्च कमी करण्यासाठी त्या पाटीच्या जागी छापील प्लास्टिकचे पातळ थर आले. जाणकार मंडळी एफला वरचा मान देतात: त्याचा स्पर्श जास्त मोकळा, आवाज जास्त खणखणीत. पण एफची मांडणी विचित्र आहे, एंटरची कळ अरुंद आणि आडनिड्या जागी, त्यामुळे रोजच्या कामाला बहुतेक जण एमच वापरतात. मला हा व्यवहारीपणा पटतो.

त्या काळी कीबोर्डावर इतका खर्च का केला जात होता? गिऱ्हाईक कोण होतं ते पाहिलं की उलगडा होतो. कचेऱ्यांतल्या टंकलेखकांची बोटं आयबीएमच्याच ‘सिलेक्ट्रिक’ या विजेच्या टाइपरायटरवर घडली होती. सिलेक्ट्रिक १९६१ साली आला. त्या बोटांना निःशब्द, मऊ कळ चालली नसती. मोठ्या संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड म्हणजे टर्मिनल. आयबीएमच्या ३२७८ या टर्मिनलच्या कीबोर्डात तर कळांच्या स्वतःच्या आवाजाखेरीज ठोका देण्यासाठी वेगळं सोलेनॉइड बसवलेलं होतं. विजेने ओढली जाणारी एक लहानशी दांडी प्रत्येक अक्षराला डब्यावर टोला मारते. अक्षर संगणकाने स्वीकारलं याची ही ऐकू येणारी पावती.

स्प्रिंग हे एकच घराणं नव्हे. लिलावातल्या फोटोत एखादी कळ निखळलेली असेल तर नवखा माणूस नाक मुरडतो आणि मुरलेला खूश होतो, कारण उघड्या पडलेल्या जागी स्विच दिसतो. अधिक चिन्हासारखा दांडा दिसला तर जर्मनीत वाढलेल्या चेरी कंपनीचा एमएक्स स्विच, आयताकृती खाच दिसली तर जपानच्या आल्प्सचा, आणि नुसती नळी व तिच्यात स्प्रिंग दिसली तर आयबीएमचा. सगळ्या कळा जागेवर असतील तर खरेदीदार विकणाऱ्याला नम्रपणे लिहितो की एखादी कळ वर ओढून आतला फोटो पाठवाल का. यात जोखीमही असते: इतक्या बारीक चौकशीमुळे आपल्याकडे काहीतरी घबाड आहे असा वास विकणाऱ्याला लागू शकतो. ॲपलने १९८७ साली काढलेला एक्स्टेंडेड कीबोर्ड हा आल्प्स घराण्यातला सर्वांत नावाजलेला. तो मात्र नावानेच ओळखला जातो, त्यामुळे स्वस्तात हाती लागणं कठीण.

लिलावात क्वचितच उतरणाऱ्या मालात ‘स्पेस कॅडेट’चं नाव आधी घ्यायला हवं. एमआयटीच्या लिस्प यंत्रांसाठी, म्हणजे लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा चालवायला बनवलेल्या संगणकांसाठी, टॉम नाइट यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो आखला. शिफ्ट आणि कंट्रोल या आपल्या ओळखीच्या, पण त्यांच्या जोडीला मेटा, सुपर, हायपर, टॉप आणि फ्रंट अशा दुसरी कळ बदलून टाकणाऱ्या एकूण सात कळा! एका वेळी चार-पाच बोटं अडकवून द्यायच्या आज्ञा इमॅक्स या संपादकात आजही आहेत, त्यांचं मूळ या कीबोर्डांच्या पिढीत आहे. त्यातले स्विच हॉल परिणामावर चालतात. कळेसोबत चुंबक खाली येतं आणि चिप ते ओळखते, काहीही झिजत नाही. असा कीबोर्ड विक्रीला आलाच तर किंमत हजारो डॉलरांत जाते.

लिअर सीग्लर कंपनीचं एडीएम-३ए हे १९७६चं टर्मिनल दिसायला साधं, पण संगणकाच्या इतिहासात त्याचे ठसे सगळीकडे उमटलेले आहेत. त्याच्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. चार बाण एच, जे, के आणि एल या अक्षरांवर छापलेले होते. बिल जॉय यांनी बर्कलीत ‘व्हीआय’ हा संपादक याच टर्मिनलवर लिहिला आणि कर्सर हलवायला त्याच चार कळा घेतल्या. आज लिनक्सवर काम करणारी मुलं त्या कळा सवयीने दाबतात. ‘होम’ या कळेवर नागमोडी रेघेचं टिल्ड चिन्ह होतं, म्हणून युनिक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरची खूण टिल्ड ठरली. अशा कीबोर्डाचा फोटो लिलावात दिसला की त्या एच-जे-के-एलवरचे फिकट बाण मोठे करून पाहावेत, मजा येते.

आता बोलीचं. ईबेची सुरुवात सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिडियार यांच्या ‘ऑक्शनवेब’ने झाली आणि तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे १४.८३ डॉलरांना गेलेला मोडका लेझर पॉइंटर. ‘तपासलेला नाही’ या मालाचं मूळपुरुषत्व त्याच्याकडे द्यायला हरकत नाही. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुपचूप सांगून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. तुमची मर्यादा ८० डॉलर आणि दुसऱ्याची ५० असेल, तर कीबोर्ड तुम्हाला पन्नासच्या किंचित वर मिळतो. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके पैसे द्यायचे, या पद्धतीचं गणित अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ साली मांडलं. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी ते वारले. टपाल तिकिटांचे संग्राहक मात्र असे लिलाव १८९०च्या दशकापासून टपालानेच करत होते. अर्थशास्त्राच्या आधी छंदिष्टांना ते सुचलं होतं.

विक्रींच्या हिशेबाने पाहिलं तर आपली खरी मर्यादा पहिल्याच दिवशी लिहून शांत बसावं. प्रत्यक्षात कसलेला शिकारी शेवटचे काही सेकंद उरेपर्यंत हात दाबून बसतो. लवकर लावलेली बोली इतरांना खबर देते की या मळक्या वस्तूत कुणाला तरी रस आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांनी २००२ च्या निबंधात हाच प्रकार मोजला. ईबेचा लिलाव ठरल्या वेळेला संपायचा, ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत वाढायची, आणि अखेरच्या मिनिटांतली झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती. जपानच्या याहू लिलावात विकणाऱ्याला मुदतवाढीचा पर्याय निवडता येतो: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की आणखी पाच मिनिटं. आल्प्सचे आणि इतर जपानी स्विच शोधणारे लोक मध्यस्थामार्फत तिथे बोली लावतात. तिथे सेकंदांचा डाव चालत नाही, खिसाच लागतो.

पण स्वस्तात मिळवण्याची खरी वाट बोलीत नसून शोधात आहे. ‘मेकॅनिकल’, ‘व्हिंटेज’ असे शब्द ज्या वस्तूच्या नावात आले, तिचा भाव आधीच चढलेला. म्हणून शौकीन मंडळी ‘कीबोर्ड’च्या चुकीच्या स्पेलिंगने शोधतात, नुसता लेबलावरचा आकडा घालतात, किंवा कीबोर्ड सोडून त्याच्यासोबत विकल्या गेलेल्या यंत्राचं नाव घालतात.

आपल्याकडे हा माल विरळा, आणि त्याचं एक कारण इतिहासात आहे. परकीय चलनाच्या कायद्यावरून सरकारशी बिनसल्यावर आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला आणि ती १९९२ मध्ये टाटांसोबत परतली. मॉडेल एफचा ऐन काळ आणि मॉडेल एमची बरीच वर्षं नेमकी या दोन सालांच्या मध्ये पडतात. ईबेने २००४ मध्ये ‘बाझी डॉट कॉम’ विकत घेऊन इथे मांडलेलं दुकानही २०१८ मध्ये बंद झालं. त्यामुळे पुण्या-मुंबईचा शौकीन परदेशात बोली लावतो, आणि दोन किलोंच्या वर वजनाच्या वस्तूचं टपालहशील आणि कस्टम्सची ड्युटी मिळून मूळ किमतीला मागे टाकते. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी खट्टू होण्याचं कारण नाही. आपल्या टायपिंगच्या क्लासांत आणि सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं खडखडलेला टीव्हीएस गोल्ड चेरीच्या निळ्या स्विचांवरच चालतो.

पार्सल घरी आल्यावर काय काय निघतं? मॉडेल एमच्या पोटातले प्लास्टिकचे रिव्हेट तुटून खुळखुळत असतात. ते काढून जागोजागी बारीक नट-बोल्ट घालावे लागतात. मॉडेल एफमधला फोमचा थर चुरा होऊन गेलेला असतो, तो नवा कापून घालायचा. की-ट्रॉनिक कंपनीच्या जुन्या कीबोर्डांत, ॲपल लिसाच्याही त्यांत आले, प्रत्येक कळेखाली फोमची चकती असते आणि ती हमखास मेलेली असते. पिवळ्या पडलेल्या एबीएस प्लास्टिकवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. आयबीएमच्या कळांवरची अक्षरं प्लास्टिकच्या आत मुरवलेली असल्याने चाळीस वर्षांनीही ती पुसली जात नाहीत, गरम पाण्यात धुतली की कळा नव्यासारख्या होतात. जोडणीचा घोळ वेगळाच. पहिल्या पीसीचा आणि १९८४च्या पीसी-एटीचा प्लग एकच, गोल, पाच पिनांचा, पण दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे प्लग बसतो आणि कळ चालत नाही. आता बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर मध्ये बसवून कुठलाही जुना कीबोर्ड यूएसबीवर आणता येतो, आणि अशा कन्व्हर्टरचे प्रोग्राम शौकिनांनीच लिहून फुकट वाटले आहेत.

नेमका हा कन्व्हर्टर एका भांडणाच्या मुळाशी आहे. टर्मिनलचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपला जोडता येऊ लागला तशी त्याची किंमत वाढली. विकणाऱ्यांच्या ध्यानात आलं की पडदा आणि कीबोर्ड वेगवेगळे विकले तर जास्त पैसे मिळतात आणि अवजड पडदा पाठवण्याची कटकटही वाचते. मग कीबोर्ड लिलावात जातो आणि पडदा भंगारात. जुन्या संगणकांचे संग्राहक यावर कमालीचे चिडतात, आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं. ३२७८सारखं टर्मिनल त्याच्या कीबोर्डाशिवाय मुकं असतं, दुसरा कुठला तिथे लावता येत नाही. लिस्प यंत्रांचंही तेच. मॉडेल एमची गोष्ट निराळी, ते इतके निघाले की जोड्या जुळवण्याचं कारण नाही. शिवाय केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये युनिकॉम्प ही कंपनी १९९६ पासून त्याच जातीचे नवे कीबोर्ड बनवते आहे. टर्मिनलच्या कीबोर्डावर बोली लावणाऱ्याने निदान आधी विकणाऱ्याला विचारावं की याचा पडदा अजून तुमच्याकडे आहे का, आणि असेल तर भाड्याचे पैसे मोजून दोन्ही एकदम उचलावं.