सांधे बरे झाले, पण हृदयाचे काय?

घसा दुखून दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. घरात कुणाला त्याची आठवणही नसते. अशात एक दिवस मूल तापाने फणफणते. गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरतो, मग कोपर. 'वाढीचं दुखणं असेल,' म्हणून आई मलम चोळते. काही दिवसांत सूज जाते आणि सगळे निर्धास्त होतात.

हा रुमॅटिक फीव्हर, म्हणजेच संधिवाताचा ताप असू शकतो. तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र राहू शकते आणि ताप पुन्हा आला, की ती वाढते. काही मुलांचे, विशेषतः मुलींचे, हात-पाय आपोआप हलू लागतात. कप निसटतो, अक्षर बिघडते. वेंधळी म्हणून बिचारीला वर बोलणीही खावी लागतात!

ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे असते. निदान पाच वर्षे, आणि हृदयाला इजा असल्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक. सुई दुखते, हे खरेच. पण मुलगी धडधाकट दिसते, स्थळे पाहणे सुरू होते आणि इंजेक्शनांची वही कपाटात जाते. लोक काय म्हणतील, या धास्तीची किंमत पुढे तिलाच मोजावी लागते.

गर्भारपणात शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट होते. अरुंद झालेल्या झडपेला तो भार पेलत नाही. जिना चढताना धाप लागते, रात्री उठून बसावे लागते. 'दिवस गेलेत, दम लागणारच,' असे म्हणून गप्प बसू नका. इकोकार्डिओग्राफीत झडपेची स्थिती कळते. अरुंद झडप अनेकदा मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन रुंद करता येते. झडप बदलण्याची वेळ आली, तर तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली भारतीय झडप १९९० पासून रुग्णांना बसवली जात आहे. पण अशा कृत्रिम झडपेबरोबर रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते आणि गर्भारपणात त्या औषधाचाही धोका असतो. म्हणून लग्नानंतर मुलाचा विचार करण्याआधीच हृदयतज्ज्ञांना भेटावे.

खोकला-सर्दी नसताना घसा लाल होऊन ताप आला, गळ्याच्या गाठी सुजल्या, तर मुलाला डॉक्टरांकडे न्या. जंतुनाशक औषध दिले असेल, तर बरे वाटले तरी ते अर्ध्यावर सोडू नका. इंजेक्शनची तारीख चुकलीच, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जाऊन ते घ्यावे.