आठवड्याच्या डब्याची अर्धी तयारी

नोकरदार घरांत नाश्ता आणि डबा यांचा निर्णय बहुधा सकाळच्या घाईत होतो, आणि असा निर्णय हाताशी असलेल्या बटाट्याकडे, पाव-बिस्किटांकडे किंवा कचेरीजवळच्या गाडीवरच्या वडापावाकडे सहज झुकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २००० किलोकॅलरींच्या दैनंदिन ताटासाठी सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस असे प्रमाण सुचवले आहे. दिवसाच्या मुख्य जेवणांपैकी दोन जर भाजी आणि कडधान्यांवाचून गेली, तर ही सारी उणीव रात्रीच्या एका जेवणात भरून निघणे जवळजवळ अशक्य असते. म्हणूनच आठवड्याची तयारी सुट्टीच्या दिवशी करून ठेवण्याच्या पद्धतीकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. मात्र नेमकी कोणती तयारी करायची, हा प्रश्न त्याआधी सुटायला हवा.

रविवारी पाच दिवसांचे पूर्ण जेवण शिजवून डबे भरून ठेवणे आपल्याकडे तितकेसे हितावह नाही. शिजवलेले अन्न शीतकपाटात, म्हणजे सुमारे ४ ते ५ अंश सेल्सिअसला, साधारणतः तीन ते चार दिवसच सुरक्षित राहते, त्यामुळे शुक्रवारचा डबा या मर्यादेबाहेर जातो. शिवाय वीज वारंवार जाते तेथे ही मर्यादाही गृहीत धरता येत नाही. भाताच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तग धरणारी त्याची सुप्त रूपे, असू शकतात व ती उकळत्या पाण्यातही टिकतात. शिजवलेला भात पातेल्यात झाकून तासन्‌तास तसाच राहिला की ते बीजाणू जागे होतात, जिवाणूंची वाढ होते आणि त्यांतले काही असे विष तयार करतात की जे भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. तेव्हा उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देण्याची आपली जुनी सवय चालू ठेवायची असेल, तर भात रात्रीच परातीत पसरून लवकर निववावा आणि तास-दोन तासांत शीतकपाटात ठेवावा, एवढी काळजी आवश्यक ठरते.

यातून निघणारा मार्ग असा की आधी करून ठेवायचा तो पूर्ण पदार्थ नव्हे, तर त्या पदार्थाची वेळखाऊ अर्धी पायरी. आणि मराठी स्वयंपाकघराने ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. थालीपिठाची भाजणी हे तिचे उत्तम उदाहरण होय. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने आणि जिरे वेगवेगळे भाजून एकत्र दळले की जे पीठ तयार होते, त्यात तृणधान्ये आणि डाळी एकमेकांना पूरक ठरतात: तृणधान्यांत लायसिन हे प्रथिनांचा घटक असलेले अमिनो आम्ल कमी असते व डाळींत ते भरपूर असते, तर डाळींत कमी असलेले मेथिओनिन तृणधान्ये पुरवतात. भाजण्याचे महत्त्व केवळ खमंगपणापुरते नाही. बाजरीच्या कच्च्या पिठातील स्निग्धांशाचे विघटन करणारे लायपेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, दळल्यावर कामाला लागते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होते. भाजण्याच्या उष्णतेने हे विकर मोठ्या प्रमाणावर निष्क्रिय होते, धान्यातला ओलावाही उडतो, आणि म्हणून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भाजणी महिनाभर सहज टिकते. अशा पिठात सकाळी चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि किसलेला दुधी किंवा मेथी मिसळून थालीपीठ लावणे हे काही मिनिटांचे काम उरते. मेतकूट आणि उपम्यासाठी भाजून ठेवलेला रवा याच जातीचे होत.

कडधान्यांना मोड आणणे ही दुसरी, आणि पोषणाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत मोलाची, अर्धी पायरी आहे. मटकी किंवा मूग आठ ते बारा तास भिजवून, निथळून, कापडात बांधून ठेवले की मोड येण्याच्या क्रियेत क जीवनसत्त्व तयार होते आणि फायटिक आम्ल घटते. हे आम्ल धान्य-कडधान्यांतील लोह व जस्त यांना बांधून ठेवत असल्यामुळे ते कमी होणे म्हणजे ही खनिजे शरीराला अधिक मिळणे होय. मूठभर मोड पोह्यांत घालून वर लिंबू पिळले तर एरवी प्रथिनांत उणा असलेला हा नाश्ता बराच सुधारतो, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढते. मात्र मोड ज्या उबदार ओलाव्यात येतात त्यातच घातक जिवाणूही वाढतात, म्हणून मोड कच्चे न खाता वाफवून किंवा उसळ करून खावेत, आणि शीतकपाटातही दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नयेत.

इडलीचे आंबवलेले पीठ तर स्वतःच आठवड्याचा क्रम ठरवून देते. तांदूळ व उडीद भिजवून वाटल्यावर त्यातील आम्लजनक जिवाणू वायू निर्माण करून पीठ फुगवतात. शीतकपाटात ही क्रिया मंदावते पण थांबत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी इडली, पुढच्या दिवशी डोसे आणि आंबटपणा वाढल्यावर कांदा-गाजर घातलेले आप्पे किंवा उत्तप्पे, असा त्याचा वापर योग्य ठरतो.

भाज्यांविषयी थोडक्यात सांगता येते. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. गवार व घेवडा मोडून ठेवावा. परंतु बारीक चिरणे शक्यतो सकाळसाठी राखावे, कारण चिरल्यावर क जीवनसत्त्व झपाट्याने घटते. पोळ्या आणि भाकऱ्या मात्र शीतकपाटात साठवू नयेत: शिजलेल्या पिष्टाचे रेणू थंडाव्यात पुन्हा घट्ट रचले जातात आणि भाकरी बाहेर ठेवल्यापेक्षा तेथेच लवकर कडक होते.

घरातून निघाल्यावर डब्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या हवामानात सर्वाधिक महत्त्वाचा आहे. मुंबईत १८९० मध्ये सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या सेवेने तो वेळ कमी करून सोडवला, कारण नोकरदार घराबाहेर पडल्यावर शिजवलेले जेवण त्याच्यापर्यंत दुपारी पोहोचू लागले. स्वतःच डबा नेणाऱ्याचे अन्न मात्र चार-पाच तास पिशवीत राहते. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात जिवाणू वेगाने वाढतात, म्हणून रसभाजीपेक्षा सुकी उसळ बरी, ओले खोबरे उन्हाळ्यात टाळावे, आणि पातळ आमटी न्यायची असल्यास ती वाफाळती असताना उष्णतारोधक डब्यात भरावी.

या साऱ्याचा भार कोणावर पडतो, हे न पाहता सल्ला देणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. पूर्ण स्वयंपाक आधी करायचा म्हटले की बाईचा रविवारही चुलीपाशी जातो. अर्ध्या तयारीतील बहुतेक कामांना मात्र स्वयंपाकाचे कसब लागत नाही. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, भाजणी गिरणीतून दळून आणणे, शनिवारी रात्री कडधान्य भिजत घालणे ही कामे घरातील कोणताही पुरुष किंवा जाणते मूल करू शकते व त्यांनी ती करावीतच. मोडांची मुदत बुधवारी संपत असल्याने त्या सकाळी दुसरी मटकी भिजत पडायला हवी, रात्री ती बांधायला हवी, आणि हे काम कोणाचे, ते रविवारीच ठरलेले असावे.